३१३ शेंगदाणे आणि एक भोक

एकतीस वर्षं मी चादरींच्या जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच केली. ग्राफवरचा मोर बघायचा आणि पुठ्ठ्यात भोकं पाडायची, एवढंच काम. एकदा एक भोक जास्त पडलं. मोराच्या मानेवर ठिपका आला, आणि नक्षी जितक्यांदा फिरली तितक्यांदा आला. मालकानं ती थप्पी माझ्यापुढं ठेवली, बोलला काही नाही.

जर-तरचा इतिहास खेळायचा तर असंच एक भोक पाडायचं. बाकीची कार्डं जशीच्या तशी.

अशोक चौकाजवळ आमच्या घरी रविवारी दुपारी चौघं-पाचजण जमतात. सध्याचा डाव असा, की १९७० ची निवडणूक जिंकलेल्या बंगाल्यांच्या, म्हणजे पूर्व पाकिस्तानच्या (आजच्या बांगलादेशाच्या) हाती पाकिस्तानची सत्ता खरोखर आली असती तर? पहिल्या खेपेला मी वाहवत गेलो. जिनांना दहा वर्षं जास्त जगवलं, १९५८ चा मार्शल लॉ टाळला, नोव्हेंबर १९७० चं चक्रीवादळ समुद्रातच जिरवलं. भाचा म्हणाला, "मामा, मग ह्यात पाकिस्तान कुठं राहिला?"

म्हणून आधी मोजा. पूर्वेच्या जागांना शेंगदाणे, पश्चिमेच्या जागांना फुटाणे घ्या (खारे नकोत, कागद तेलकट होतो). महिलांच्या राखीव धरून एकूण ३१३: शेंगदाणे १६९, फुटाणे १४४. त्यातले १६७ शेंगदाणे शेख मुजीब यांच्या अवामी लीगचे, फुटाणा एकही नाही. पश्चिमेतल्या भुट्टोंच्या पक्षाकडं सर्वसाधारण जागांतले ८१ फुटाणे, शेंगदाणा एकही नाही. बहुमताला १५७ लागतात. भाच्यानं मुजीबचे दहा तोंडात टाकले तरी काठावर भागतं. तेव्हा भोक मतपेटीत पाडू नका, तिथलं काम झालेलंच होतं. नवशिके तिथंच घोटाळतात.

खुर्चीतही नको. ख्वाजा नझिमुद्दीन, मोहम्मद अली बोगरा, सुऱ्हावर्दी, असे तीन बंगाली पंतप्रधान त्या खुर्चीवर बसून गेले होते. नझिमुद्दीनना तर १९५३ मध्ये गव्हर्नर जनरलनं सरळ घरी पाठवलं.

निर्णय एकाच माणसाच्या हातात होता अशी घटका शोधा. आमची ठरली १ मार्च १९७१. संसद ३ तारखेला ढाक्यात भरायची होती. आपण जाणार नाही, असं भुट्टोंनी फेब्रुवारीतच जाहीर केलं होतं. १ मार्चला दुपारी रेडिओवर लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्याखानांच्या नावानं निवेदन आलं, बैठक बेमुदत पुढं ढकलली. ढाक्याच्या स्टेडियममध्ये क्रिकेटचा सामना चालू होता, तो तिथंच बंद पडला, माणसं रस्त्यावर आली. २५ मार्चच्या रात्री ढाक्यात फौजेचे रणगाडे. तर हे निवेदन रद्द करा. फक्त तेवढंच.

मग प्रत्येकाला एक माणूस वाटून द्या आणि चिठ्ठीवर त्याच्या हातात काय आहे ते लिहायला लावा. काय हवंय ते नाही. आमच्यात शेजारच्या अक्का याह्याखान होतात. मांडीवर विड्यांचं सूप असतं. पान कापत, तंबाखू भरत, दोरा गुंडाळत खेळतात. पहिल्या दिवशी चिठ्ठीत त्यांनी लिहिलं: फौज, रेडिओ. मुजीब झालेल्या कॉलेजच्या पोरीनं लिहिलं: १६७, रस्ते, तागाचा पैसा.

आता एकेक पाऊल टाका, आणि दर पावलाला विचारा की पैसा कुठून येतो. आमचा डाव इथंच फिरला. पोरीनं सहा कलमं वाचून दाखवली. मुजीबनी ती १९६६ साली लाहोरात मांडली होती: केंद्राकडं फक्त संरक्षण आणि परराष्ट्र, कर प्रांतांकडं, परकीय चलनाचे हिशेब दोन्ही भागांचे वेगळे. अक्कांनी दोरा तोडला. "मग माझ्या शिपायांचा पगार कोण देणार?"

पोरगी गप्प. पंतप्रधान मुजीब आणि गल्ला रिकामा, तोही त्यांच्याच कलमांनी. सहा कलमं सोडली तर ढाका त्यांना सोडणार नाही, धरली तर रावळपिंडीतली फौज. मला वाटतं तो देश तसाही दोन-तीन वर्षांतच फाटला असता, कदाचित टेबलावर बसून. पोरीला पटत नाही. ती म्हणते पगार प्रांतांकडून आला तर फौज वळणावर येते. अक्का हसतात.

थांबायचं कुठं तेही आधी ठरवा. आम्ही जूनच्या अर्थसंकल्पाला थांबतो. त्यापुढं एकेका भोकाची इतकी पोटभोकं होतात की नक्षी कुणाचीच राहत नाही. डाव बिघडला तर मधून दुरुस्त करू नका, १ मार्चला परत जा.

पुढच्या रविवारी १९५४ ची पूर्व बंगालची प्रांतिक निवडणूक घेणार आहोत. मुस्लिम लीगविरुद्धच्या युक्त फ्रंट या आघाडीला मुस्लिम मतदारसंघांतल्या २३७ पैकी २२३ मिळाल्या आणि फजलुल हक यांचं मंत्रिमंडळ दोनेक महिन्यांत बरखास्त झालं. शेंगदाणे पाव किलो जास्त आणायला सांगितलेत, भाचा येणार आहे.