ओव्हरकमिट बंद करताय? आधी स्वॅपचा हिशेब मांडा

लिनक्सवर प्रोग्रामने १० जीबी मागितले की कर्नल (सिस्टिमचा गाभा) बहुतेकदा 'घे' म्हणून मोकळा होतो; हेच ओव्हरकमिट. रॅम खरी खर्च होते ती मेमरीच्या त्या पानावर, म्हणजे छोट्या तुकड्यावर, पहिल्यांदा काही लिहिलं जातं तेव्हा. लग्नाच्या कार्यालयात जेवणाची पानं शंभर आणि पत्रिका दोनशे, असा हा कारभार. सगळेच जेवायला आले की ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, कुणाला तरी पानावरून उठवतो. डेटाबेसच्या सर्व्हरवर बहुधा डेटाबेसच उठतो, कारण सर्वांत जाडजूड तोच. सोलारिस या दुसऱ्या सिस्टिमची रीत उलटी: मागतानाच रॅम आणि स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) मिळून जागा राखून ठेवायची, नसेल तर तिथेच नकार.

लिनक्सवर ही शिस्त हवी असेल तर कर्नलच्या 'व्हीएम' गटातली 'ओव्हरकमिट मेमरी' ही सेटिंग ० वरून २ करायची. पण लगेच नको. आधी 'प्रॉक'खालच्या 'मेमइन्फो' फाइलमधल्या दोन ओळी बघा: 'कमिटेड एएस' म्हणजे आत्ता प्रोग्रामांना दिलेला एकूण शब्द, 'कमिटलिमिट' म्हणजे २ केल्यावर लागू होणारी मर्यादा. गर्दीच्या वेळी बघा, आणि रात्रीचा बॅकअप चालू असतानाही.

मर्यादा म्हणजे ह्यूज पेजेस (मोठ्या आकाराची राखीव पानं) वगळून उरलेल्या रॅमचे 'ओव्हरकमिट रेशो' इतके टक्के, अधिक सगळा स्वॅप. रेशो मुळात ५० असतो. १६ जीबी रॅम आणि २ जीबी स्वॅप असेल तर मर्यादा फक्त १० जीबी. शब्द १३ जीबींचा गेला असेल आणि तुम्ही २ केलंत, तर चालू प्रोसेस मरत नाहीत, पण पुढची प्रत्येक मागणी फसते. शेल 'फोर्क: कॅनॉट अलोकेट मेमरी' म्हणतो (फोर्क म्हणजे प्रोसेसची प्रत काढणं), एसएसएचने दुरून आत शिरणंही अवघड होतं. 'फ्री' ही कमांड मात्र पाच जीबी मोकळे दाखवत असते, म्हणून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

म्हणून क्रम असा. ४ जीबीची स्वॅप फाइल 'डीडी'ने बनवा, परवानगी ६०० ठेवा, 'एमकेस्वॅप', मग 'स्वॅपऑन', आणि 'एफस्टॅब'मध्ये नोंद. रेशो ८० करा. आता १२.८ अधिक ६, म्हणजे १८.८ जीबी. 'ॲडमिन रिझर्व्ह' १३१०७२ केबी करा, म्हणजे अडचणीत रूटला, म्हणजे प्रशासकाला, हात घालायला जागा राहील. सगळ्यात शेवटी 'ओव्हरकमिट मेमरी' २. हे आकडे 'सिसकंट्रोल'च्या कॉन्फिग फाइलमध्येही लिहा, नाहीतर रीबूटनंतर पहिले पाढे पंचावन्न.

नवा स्वॅप रिकामाच दिसला तर काढून टाकू नका. तो इथे तारण आहे, वापरायलाच हवा असं नाही. 'स्वॅपिनेस', म्हणजे कर्नलची स्वॅप वापरायची ओढ, १० वर आणलीत तरी मर्यादेत तो पूर्ण धरला जातो.

त्याच मशीनवर रेडिस (डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस) असेल तर मात्र थांबा. बॅकग्राउंड सेव्हसाठी तो फोर्क करतो. ६ जीबीच्या रेडिसला त्या क्षणी हिशेबात आणखी ६ जीबी लागतात, प्रत्यक्षात पानं सामायिक असली तरी. रेडिसवाले १ (म्हणजे कधीच नकार नको) सुचवतात, पोस्टग्रेस या डेटाबेसवाले २. दोघांना वेगळी मशीनं द्या. कंटेनरमध्ये (एकाच कर्नलवर वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यांत) टाकून हे भांडण मिटत नाही: ही सेटिंग अख्ख्या कर्नलची आहे, आणि कंटेनरची स्वतःची मेमरी मर्यादा ओलांडली तर २ असूनही ओओएम किलर येतोच.