गाजराचा केक: धान्याशिवाय आणि दुधाशिवाय

मैद्याच्या केकला ग्लूटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी धरून ठेवते. बदामाच्या पिठात ती जाळी नसते, त्यामुळे धान्याशिवायच्या केकचा सगळा भार अंड्यांवर येतो. केक भट्टीतून बाहेर आल्यावरही त्याची घडण सुरूच असते, ती पूर्ण गार झाल्यावर संपते. मैद्याच्या पाककृतीत फक्त पीठ बदललं की केक बसतो किंवा भुगा होतो, त्याचं कारण हेच.

सुरुवातीला गाजराचाच केक करावा. गाजरामुळे ओलावा टिकतो आणि दालचिनी-जायफळाच्या वासात मैद्याची उणीव जाणवत नाही.

आधी डब्यांवरची लेबलं वाचा

बाजारातल्या बहुतेक बेकिंग पावडरमध्ये मक्याचं स्टार्च असतं, आयसिंग शुगरमध्येही बहुधा असतं. कस्टर्ड पावडर तर मुख्यतः कॉर्नफ्लोअरच. पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या सूचनेत ग्लूटेन असलेली धान्यं लिहावी लागतात, पण मका त्यात येत नाही, म्हणून घटकांची पूर्ण यादी वाचावी लागते. चिरलेल्या खजुराचे तुकडे चिकटू नयेत म्हणून कधी कधी पिठात घोळवलेले असतात. सबंध खजूर घेऊन घरी चिरलेला बरा.

उपवासाचे पदार्थ सरसकट चालतील असं समजू नका. वरई हे धान्यच आहे. राजगिरा गवतवर्गातला नाही, तरी कडक पथ्यात तोही बऱ्याचदा वर्ज्य असतो. साबुदाणा मात्र कंदाचा आहे, तो चालतो.

दुधाच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास नजरेतून सुटतात. एक म्हणजे तूप. ते कितीही कढवलं तरी त्यात दुधातल्या प्रथिनांचा अंश राहू शकतो. दुसरी म्हणजे नारळाच्या दुधाची पावडर. तिच्यात पुष्कळदा केसिनेट, म्हणजे दुधाचंच प्रथिन, मिसळलेलं असतं. ज्यांना दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यासाठी ताज्या नारळाचंच दूध काढा.

साहित्य (८ इंची गोल भांडं, १० तुकडे)

- सोललेल्या बदामाचं पीठ २५० ग्रॅम
- साबुदाण्याचं बारीक पीठ ३० ग्रॅम
- अंडी ४, मध्यम आकाराची
- गुळाची पावडर १२० ग्रॅम
- खोबरेल तेल (खाण्याचं) ७० ग्रॅम
- किसलेलं गाजर २०० ग्रॅम
- लिंबाचा रस २ मोठे चमचे, म्हणजे ३० मिली
- खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, सपाट
- दालचिनी पूड २ छोटे चमचे, जायफळ पाव चमचा, मीठ पाव चमचा
- अक्रोड ६० ग्रॅम, बेदाणे ४० ग्रॅम

सगळं वजनावर घ्या. बदामाचं पीठ वाटीत हलकं भरलं किंवा दाबून भरलं, एवढ्यानंच बराच फरक पडतो.

बदामाचं पीठ घरी करताना

२८० ग्रॅम बदाम उकळत्या पाण्यात एक मिनिट ठेवा, लगेच गार पाण्यात टाका आणि चिमटीत दाबून सालं काढा. कापडावर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा, मग १०० अंशांवर १५ मिनिटं वाळवा. बदाम पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा. साबुदाण्याच्या पिठातलं एक चमचाभर बदामांबरोबर घाला, ते सुटणारं तेल शोषून घेतं. एका वेळी ४-५ सेकंदच फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं, बदामाचं तेल सुटतं आणि पिठाऐवजी लोण्यासारखा गोळा हाती येतो. मग पिठाच्या चाळणीनं चाळा आणि वर उरलेला रवाळ भाग पुन्हा फिरवा.

गिरणीत किंवा गव्हासाठी वापरात असलेल्या घरघंटीत हे दळू नका. आत अडकलेलं पीठ त्यात मिसळतंच. सीलिअ‍ॅकच्या, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या, रुग्णाला तेवढंही त्रासदायक ठरतं.

कृती

१. ओव्हन १६५ अंशांवर तापवा. भांड्याच्या तळाला आणि कडांना बेकिंग पेपर लावा. इथे नुसतं तेल लावून भागत नाही, कारण हा केक कडेला चिकटतो.

२. अंडी तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. खोबरेल तेल साधारण २४-२५ अंशांखाली गोठतं. थंडीत गार अंड्यांत ते ओतलं की पांढऱ्या कण्या होतात आणि केकमध्ये तेलकट भोकं पडतात.

३. गाजर बारीक किसा. हिवाळ्यातल्या लाल गाजराला रस जास्त सुटतो. त्याचा कीस कापडावर पसरून वरून टिपून घ्या, पण घट्ट पिळू नका. केशरी गाजराला टिपायचीही गरज नसते.

४. बदामाचं आणि साबुदाण्याचं पीठ, सोडा, मीठ आणि मसाले एकत्र चाळा.

५. अंडी आणि गूळ ५ मिनिटं फेटा. मिश्रण फिकट आणि जाडसर व्हायला हवं. फेटणीवरून पडणारी धार पृष्ठभागावर दोन-तीन सेकंद दिसली पाहिजे. हे काम उरकू नका, केकचा हलकेपणा इथेच ठरतो. मग पातळ केलेलं कोमट तेल बारीक धारेनं घाला.

६. कोरडं मिश्रण घालून सारखं करा. मैद्याचा केक जास्त ढवळला की चिवट होतो. ती भीती इथे नाही, फक्त फेटलेली हवा जाऊ नये म्हणून हात हलका ठेवा. गाजर, अक्रोड, बेदाणे घाला. लिंबाचा रस अगदी शेवटी घाला आणि लगेच भांड्यात ओता. रस सोड्याला लागताक्षणी बुडबुडे सुरू होतात, ते ओट्यावर वाया घालवू नका.

७. खालच्या किंवा मधल्या जाळीवर ४२ ते ४८ मिनिटं भाजा. बदामाचं पीठ लवकर रंग धरतं आणि लहान ओटीजी ओव्हनमध्ये वरची सळई जवळ असते. २५ मिनिटांनंतर वर फॉइल सैल टाका.

८. मध्यभागी टोचलेली काडी कोरडी यायला हवी. एखादा ओलसर कण चालेल. थर्मामीटर असेल तर मधलं तापमान ९६ अंश हवं.

९. भांड्यात २० मिनिटं ठेवून मग जाळीवर काढा. निदान दोन तास सुरी लावू नका. गरम कापला तर तो तुटतो आणि आत कच्चा वाटतो, भाजला नीट असला तरी.

वरची मलई

१५० ग्रॅम काजू तुकडा गरम पाण्यात दोन तास भिजवून निथळा. पाणी न घालता काढलेलं नारळाचं पहिलं घट्ट दूध १०० मिली, घरी दळलेली खडीसाखर ४० ग्रॅम, लिंबाचा रस एक मोठा चमचा, खोबरेल तेल ३० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ घालून गुळगुळीत वाटा. भांडं तापू लागलं की थांबा. चार तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर ती पसरण्याइतकी घट्ट होते. पूर्ण गार केकवरच लावा.

बिघडलं तर

मधोमध बसला: बहुधा भाजणं कमी झालं किंवा पहिल्या २५ मिनिटांत दार उघडलं गेलं. तळाशी ओला थर बसला: गाजराचं पाणी जास्त. गाजराचे धागे हिरवे दिसले: सोडा जास्त किंवा लिंबू कमी. हे अपायकारक नाही, पण सोड्याची चवही लागते, म्हणून चमचा सपाटच भरा.

काय बदलता येतं

बदाम महाग पडत असेल तर एक तृतीयांशापर्यंत न भाजलेल्या दाण्याचं बारीक कूट घाला. त्याहून जास्त घातलं तर दाण्याचीच चव पुढे येते. शेंगदाणा कडधान्यवर्गातला आहे, पथ्यात चालतो का ते आधी विचारा. नारळाचं पीठ समप्रमाणात घालू नका. ते कितीतरी जास्त पाणी पितं, त्यामुळे त्याची पाककृतीच वेगळी लागते.

अंडी मात्र बदलू नका. भिजवलेल्या जवसानं हा केक चिकट आणि जड होतो.

केक उन्हाळ्यात किंवा दमट हवेत त्याच दिवशी फ्रिजमध्ये ठेवा. चार दिवस टिकतो आणि दुसऱ्या दिवशी मसाले मुरल्यावर चव जास्त खुलते. मलई न लावता तुकडे वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवता येतात. खाण्याआधी दोन तास बाहेर काढा.