जुने बंदर-नकाशे वाचायला शिकताना

जलसर्वेक्षणाकडे वळणारी मुलं हमखास विचारतात, मल्टिबीम सोनार (ध्वनिलहरींनी समुद्रतळाचा रुंद पट्टा एकदम मोजणारं यंत्र) तळाचा कानाकोपरा दाखवत असताना दीडशे वर्षांपूर्वीचा नकाशा कशाला उघडायचा? सोनार आजचा तळ दाखवतो. भराव पडण्याआधी किनारा कुठे होता, कोणता धक्का गाडला गेला, गाळ कुठे साचत आला, हे त्याच्याकडून कळत नाही. आणि गजबजलेल्या बंदरात पाया खोदताना किंवा बोगदा नेताना नेमकं तेच लागतं. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला आज जिथे इमारती आहेत, तिथे बऱ्याच ठिकाणी जुन्या नकाशांत चक्क पाणी आहे.

नकाशा उघडला की नवखे थेट खोलीच्या आकड्यांवर तुटून पडतात. आधी शीर्षक वाचा. आकडे फुटांत आहेत की फॅदममध्ये (1 फॅदम म्हणजे 6 फूट)? ओहोटीच्या कोणत्या पातळीपासून मोजलेत? छपाईचं वर्ष पाहून हुरळू नका. आतली मापं त्याच्या कितीतरी आधीची असू शकतात. जुना फ्रेंच नकाशा असेल तर रेखांश पॅरिसपासून मोजलेले असतात, म्हणजे ग्रिनिचशी 2 अंश 20 मिनिटांचा फरक.

मला सगळ्यात गुंतवलं ते शिशाच्या वजनाने. दोरीला बांधलेलं हे वजन बोटीतून खाली सोडत आणि दोरीवरच्या खुणांवरून खोली मोजत. वजनाच्या बुडाला खळगा असे, त्यात चरबी भरलेली. तळाला टेकलं की वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे तिला चिकटून वर येत. इंग्रजी नकाशांत आकड्यांशेजारी दिसणारी बारीक अक्षरं त्याचीच: एस म्हणजे वाळू, एम म्हणजे चिखल. नांगर धरेल का, हे खलाशाला त्यावरून कळे; आज गाळ काढण्याचा आराखडा करणाऱ्यालाही ती नोंद उपयोगी पडते.

पण दोरी जिथे टेकली तेवढंच माहीत. दोन आकड्यांच्या मधे खडक असला तरी नकाशा गप्प असतो. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी वर्षानुवर्षं जहाजांची ये-जा होती, तरीही तिथला गेडनी चॅनल हा खोल जलमार्ग सर्वेक्षणात सापडला तो 1835 मध्ये. कोऱ्या जागेला म्हणूनच ‘खोल पाणी’ समजू नये.

जीआयएसमध्ये (नकाशे एकमेकांवर बसवून पाहण्याची संगणक-प्रणाली) जुना नकाशा आजच्यावर बसवताना किनारारेषा धरू नका, ती भरावाने सरकलेली असते. चर्चचं शिखर, दीपगृह, किल्ल्याचा कोपरा असे न हललेले बिंदू घ्या. मग दोन्ही काळांतले खोलीचे आकडे पाण्याच्या एकाच पातळीपासून मोजल्यासारखे करून घ्या आणि त्यानंतरच वजाबाकी करा. तरीही फरक फूटभर निघाला तर ‘गाळ साचला’ असं अहवालात लिहायची घाई करू नका. दोरीच्या मापात तेवढी चूक सहज असते.