एबीजीच्या पट्टीवरचा एकवीस

फुप्फुसविकार किंवा अतिदक्षता या विषयांत पदव्युत्तर शिक्षणाला आल्यावर पहिल्या काही महिन्यांतच सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, द्यावा लागतो, आणि त्या काळात झोप, जेवण आणि प्रबंधाचा विषय या तिन्ही गोष्टी सारख्याच घाईने उरकल्या जातात. मीही तेच केले. सोलापुरातल्या एका रुग्णालयात मी निवासी डॉक्टर होते. ‘एआरडीएसच्या रुग्णांमध्ये आजाराची तीव्रता आणि मृत्यू यांचा संबंध’ हा माझा विषय होता. एआरडीएस म्हणजे फुप्फुसांना अचानक सूज येऊन रक्तातला ऑक्सिजन धोकादायक पातळीपर्यंत घसरणे. विषय नवा नव्हता, परंतु निम्मे रुग्ण जुन्या फायलींतून मिळणार होते आणि निम्मे माझ्याच ड्यूटीत दाखल होणार होते, त्यामुळे तो मला सोपा वाटला. तो सोपा नव्हता, हे कळायला मला सव्वा वर्ष लागले. ते सव्वा वर्ष तुमचे वाचावे, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

एआरडीएसची 2012 ची बर्लिन व्याख्या तुम्हाला पाठ असेलच. पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) किमान 5 असताना धमनीतल्या ऑक्सिजनच्या दाबाला एफआयओटूने, म्हणजे रुग्ण ओढतो त्या हवेतल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने, भागायचे. उत्तर 200 ते 300 मध्ये आले तर आजार सौम्य, 100 ते 200 मध्ये आले तर मध्यम आणि 100 किंवा त्याहून कमी आले तर तीव्र. एबीजीचे, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू तपासण्याचे, यंत्र हे पीएफ गुणोत्तर स्वतःच काढून पट्टीवर छापते. मी फायलीतली पट्टी उघडायची, गुणोत्तर एक्सेलमध्ये उतरवायचे आणि पुढच्या फायलीकडे वळायचे, असा क्रम चालू ठेवला. रात्रीच्या ड्यूटीत, दोन वाजल्यानंतर जरा शांतता मिळाली की, दहा-बारा फायली होऊन जात.

पहिले विश्लेषण हाती आले तेव्हा मी हरखून गेले, कारण सौम्य गटातला मृत्युदर जवळजवळ तीव्र गटाइतकाच आला होता. जगभर जे दिसते त्याच्या उलट आमच्याकडे दिसत होते, आणि शंका येण्याऐवजी मला अभिमान वाटला. अक्कलकोट, मंगळवेढा आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून रुग्ण उशिरा येतात, बिडी वळणाऱ्या बायकांची फुप्फुसे आधीच तंबाखूच्या धुळीने थकलेली असतात, यंत्रमागावरच्या कामगारांचेही तसेच असते, म्हणून आमच्याकडे सौम्य एआरडीएससुद्धा जीवघेणा ठरतो, असे चर्चेचे अख्खे प्रकरण मी लिहून काढले. भाषा चांगली जमली होती. आजही ते वाचवत नाही.

सत्य कळले ते कोणत्याही ग्रंथातून किंवा मार्गदर्शकाकडून नव्हे. एका पहाटे एबीजीचा नमुना घेऊन मी यंत्रापाशी उभी होते आणि आमच्या विभागातल्या ज्येष्ठ सिस्टर नमुना लावत होत्या. त्यांनी नमुना आत दिला, दोन कळा भराभर दाबून पुढे गेल्या आणि पट्टी बाहेर आली. मी सहज विचारले की, एफआयओटू कुठे भरलात. त्या म्हणाल्या, “ते कोण भरत बसतंय मॅडम? नाही भरलं तर मशीन आपलं आपणच एकवीस धरतंय की.”

माझ्या रुग्णाच्या व्हेंटिलेटरवर त्या वेळी 70 टक्के ऑक्सिजन चालू होता.

इथे थोडे थांबते, कारण याच खड्ड्यात मी पडले होते. यंत्र फक्त रक्त मोजते. रुग्णाला ऑक्सिजन किती चालू आहे, हे त्याला सांगावे लागते. न सांगितल्यास अनेक यंत्रे 21 टक्के, म्हणजे खोलीतली साधी हवा, गृहीत धरतात. धमनीतला दाब 63 असेल, तर 63 भागिले 0.21 म्हणजे 300, आणि रुग्ण सौम्य गटाच्या अगदी काठावर बसतो. तोच रुग्ण खरोखर 70 टक्क्यांवर असेल, तर 63 भागिले 0.70 म्हणजे 90, आणि तो तीव्र गटातला ठरतो. माझ्या सौम्य गटात मरण पावणारे रुग्ण सौम्य नव्हतेच. ते तीव्र आजाराचे रुग्ण होते आणि त्यांना चुकीच्या खोलीत मी बसवले होते. दुसरा घोटाळा याहून वाईट होता, कारण तो एक्सेलमध्ये दिसतच नव्हता. दाब 95 असलेल्या रुग्णाचे गुणोत्तर 21 धरून 452 येते, म्हणून त्याला एआरडीएस नाही असे ठरवून मी त्याची फाइल बाजूला ठेवली होती. प्रत्यक्षात तो 60 टक्क्यांवर असेल, तर गुणोत्तर 158 होते. ज्यांची गणना चुकली ते निदान तक्त्यात होते, पण ज्यांना मी दारातूनच परत पाठवले त्यांना शोधायला पुन्हा सगळ्या फायली काढाव्या लागल्या. पट्टीवर गुणोत्तराच्या खाली बारीक अक्षरांत 21 छापलेले होते, दर वेळी होते, आणि व्हेंटिलेटरवरच्या एआरडीएसच्या रुग्णाला साधी हवा कोण देईल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, कारण मी तयार उत्तर उतरवत होते.

दुरुस्ती करताना आणखी एक पेच निघाला. व्हेंटिलेटरच्या तक्त्यावरून खरा एफआयओटू घ्यायचा ठरवले, तर नमुना सहा वाजताचा आणि तक्त्यातली नोंद आठ वाजताची निघे, आणि मधल्या दोन तासांत कुणी तरी ऑक्सिजन वाढवलेला असे. शेवटी मी नियम लिहून ठेवला की, नमुन्याच्या आधीच्या अर्ध्या तासात सेटिंग बदललेले नसावे आणि तक्त्यातली नोंद तासाभराच्या आतली असावी. एरवी तो नमुना वगळायचा. असा नियम सिनॉप्सिसमध्येच लिहा. निकाल हाती आल्यावर केलेला नियम कितीही प्रामाणिक असला, तरी परीक्षक त्याकडे संशयाने पाहतो, आणि तो चुकत नाही. नाकातल्या नळीवर असलेल्या रुग्णाचा एफआयओटू तर अंदाजच असतो. एका लिटरला साधारण चार टक्के हे सूत्र सोयीचे आहे, पण धापा टाकणारा माणूस बाहेरची हवा किती ओढून घेतो, यावर खरा आकडा बदलतो. अशा आकड्यावर दशांश चिन्हापुढची दोन स्थळे लिहून अचूकपणाचा आव आणू नका.

या सगळ्यात माझे बरेच रुग्ण गळाले आणि काही मी स्वतः हरवले. एबीजीची पट्टी उष्णतेने छापणाऱ्या कागदावर येते, आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या पट्टीचे काय होते, हे सांगायला नको. वर्षभरापूर्वीच्या कित्येक पट्ट्या कोऱ्या निघाल्या. त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा नाव झाकून फोटो घ्या, आणि आकडे शाईने वहीत लिहा.

मार्गदर्शकांविषयी माझे मत कडवट आहे, ते तसेच सांगते. माझ्या मार्गदर्शकांनी माझ्या प्रत्येक तिमाही अहवालावर हसतमुखाने सही केली आणि एकही तक्ता उघडून पाहिला नाही. त्या काळी मी स्वतःला भाग्यवान समजत होते. ज्या विभागात सर ओरडतात, पाच फायली उचलून तुमच्या एक्सेलशी ताडून पाहतात आणि आकडा कुठून आणला असे विचारतात, तिथे तुमचे पहिले वर्ष वाईट जाईल आणि तिसरे बरे जाईल. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे लोकही तुम्हाला भेटतील. त्यांच्याकडे जाऊ नका. यात नीतीचा प्रश्न आहेच, पण साधी व्यवहाराची गोष्ट अशी की, चुकीच्या आकड्यांवर ते सुरेख आलेख काढून देतात आणि तोंडी परीक्षेला उभे तुम्हाला राहावे लागते. संख्याशास्त्रज्ञाला मात्र विषय ठरतानाच भेटा. सगळी माहिती गोळा करून भेटलात, तर तो फक्त शवविच्छेदन करू शकतो.

घाबरवण्याचा हेतू नाही. माझा प्रबंध वेळेत गेला, स्वीकारला गेला आणि निकाल अगदी सामान्य आला: तीव्रता वाढते तसा मृत्युदर वाढतो. तेवढे सिद्ध करताना मी एबीजी वाचायला शिकले. चूक सापडली म्हणून संशोधन बुडत नाही. ती कळवली, आचारसमितीला बदल लेखी दिला आणि मुदत मागितली, तर बहुतेक लोक समजून घेतात. मला ते पत्र लिहायला मात्र तीन आठवडे लागले, कारण लाज वाटत होती.

तयार आकड्याचा हा मोह इतर रकान्यांतही असतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एआरडीएसच्या ज्या अभ्यासात व्हेंटिलेटरवर किलोमागे 6 मिलीलीटरच्या लहान श्वासाने मृत्युदर 39.8 वरून 31 टक्क्यांवर आला, त्यातले किलो उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाचे होते, नातेवाइकांनी सांगितलेल्या वजनाचे नव्हेत. म्हणून मोजपट्टी खिशात ठेवा आणि झोपलेल्या रुग्णाची उंची स्वतः मोजा. ‘धूम्रपान : हो की नाही’ हा रकाना सोलापुरात अपुरा आहे, पूर्व भागातल्या ज्या बाईने आयुष्यात एकही बिडी ओढलेली नाही, तिने चाळीस वर्षे रोज बिड्या वळलेल्या असू शकतात. यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला छाती कधी आवळते, एवढेच विचारू नका. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त आवळते का, हे विचारा; कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची ती खूण असते. हे प्रश्न आणि संमतीपत्र तेलुगू व कन्नडमध्येही तयार हवे, कारण बेशुद्ध रुग्णासाठी सही करणारा मुलगा मराठी बोलत असला, तरी निर्णय बहुधा त्याची आई घेत असते.

आता एआरडीएसची 2024 मध्ये प्रसिद्ध झालेली जागतिक व्याख्या आली आहे. तिच्यात मिनिटाला 30 लिटर किंवा अधिक हाय-फ्लो (नाकातून जोराच्या प्रवाहाने दिलेल्या) ऑक्सिजनवरचे रुग्णही बसतात आणि रक्तातल्या ऑक्सिजनची संपृक्तता 97 टक्के किंवा त्याखाली असेल, तर एबीजीशिवाय पल्स ऑक्सिमीटरवरूनही गुणोत्तर काढता येते. आमच्यासारख्या ठिकाणी हे सोयीचे आहे, आणि यंदाचे बहुतेक नवे विद्यार्थी हीच व्याख्या घेत आहेत. परंतु भाजक तोच, एफआयओटू. गेल्या महिन्यात एका पहिल्या वर्षाच्या मुलाने मला मोठ्या उत्साहाने आपला तक्ता दाखवला; एफआयओटूच्या रकान्यात वरून खाली 21, 21, 40, 21, 21 असे होते. मी त्याला काही समजावले नाही. सकाळी सहाचे नमुने लावायला सिस्टर उभ्या राहतात, तेव्हा आठवडाभर त्यांच्या शेजारी उभा राहा, एवढेच सांगितले.