भूकंप आहे म्हणून ज्वालामुखी असणारच? प्रोजेक्ट करताना या चुका टाळा

हिमालयावर कापूस चिकटवला होता. मला वाटलं बर्फ, म्हटलं छान केलंयस रे, तर ओंकार म्हणाला काकू बर्फ नाहीये तो, धूर आहे, ज्वालामुखीचा. थर्माकोलचा भारताचा नकाशा, जिथे जिथे मोठे भूकंप झाले तिथे लाल टाचण्या आणि प्रत्येक टाचणीशेजारी मातीचा एवढासा डोंगर, तोंडाला लाल पोस्टर कलर. भुज, किल्लारी, उत्तरकाशी, कोयना. कोयनेला ज्वालामुखी! हे कुठून काढलंस विचारलं तर म्हणे भूकंप होतो म्हणजे खाली लाव्हा उकळत असणारच ना.

खरं सांगायचं तर त्या पोराची फार चूक नाही. पुस्तकात दोन्ही विषय पाठोपाठ येतात, नकाशात पॅसिफिकभोवतीचं ते अग्निकंकण दाखवतात, तिथे भूकंप पण आणि ज्वालामुखी पण, मग डोक्यात तीच जोडी पक्की बसते. मी अंधेरीला घरीच शिकवण्या घेते, विज्ञान प्रदर्शनाचा सीझन आला की दरवर्षी याच गफलती बघते, आणि मुलांपेक्षा पालक जास्त करतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतेय.

मुळातली गफलत

दोघांना लागणारं सामान वेगळं आहे हेच कोणी लक्षात घेत नाही. भूकंपाला लागतो कडक खडक आणि त्याच्यावर ताण, बस. लोणावळ्याची चिक्की घ्या, दोन्ही हातांनी हळूहळू वाकवा, आधी थोडी सहन करते आणि मग कट्कन तुटते, बोटांना हिसका बसतो. तो हिसका म्हणजे भूकंप. यात वितळणं कुठे आलं? उलट चिक्की ताटात गरम असताना वाकवलीत तर तुटणारच नाही, नुसती ताणली जाईल. खडकाचं पण तेच, थंड आणि कडक असतो तोवरच तुटतो.

ज्वालामुखीला मात्र वितळलेला खडक लागतो, शिलारस. (तो जमिनीबाहेर आला की लाव्हा म्हणायचं, चार्टवर हे उलटसुलट लिहिलं की परीक्षक पकडतात.) आणि खडक वितळवणं वाटतं तेवढं सोपं नाही. आपण समजतो भूकवचाखाली लाव्हाचा समुद्र आहे, कुठेही भोक पाडा, बाहेर येईल. तसं काही नाही. खालचं प्रावरण (भूकवच आणि गाभा यांच्या मधला जाड थर) जवळपास सगळं घन आहे, भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत आणि त्या प्रावरणातून आरामात पार होतात, अडतात त्या खूप खाली, बाह्य गाभ्यापाशी. प्रावरण तापलेलं भयंकर आहे, पण वरून दाब पण तेवढाच, त्यामुळे वितळत नाही. कुकरमध्ये पाणी शंभर अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही, दाब गेला की एकदम उकळतं, तसला प्रकार.

मग वितळतं कधी? एक तर दाब कमी झाला तर, म्हणजे गरम खडक वर सरकला की. समुद्राच्या तळाशी जिथे प्लेट्स (पृथ्वीच्या कडक कवचाचे मोठाले सरकते तुकडे) दूर जातात तिथे हे चालू असतं. हवाईसारख्या ठिकाणी खालून नेहमीपेक्षा जास्तच तापलेला खडक वर येतो, म्हणून प्लेटच्या पार मधोमध असूनही तिथे ज्वालामुखी. दुसरा मार्ग मला स्वतःला फार आवडतो, तो म्हणजे पाणी. कुल्फीवाला बर्फात खडेमीठ टाकतो तेव्हा बर्फ कोणी तापवत नाही, तरी तो वितळायला लागतो कारण मिठाने त्याचा वितळण्याचा बिंदूच खाली आणलेला असतो. समुद्राची प्लेट दुसऱ्या प्लेटखाली घुसते तेव्हा स्वतःच्या खनिजांत अडकलेलं पाणी घेऊन जाते, साधारण १०० किलोमीटर खोल गेली की ते पाणी सुटून वरच्या गरम प्रावरणात शिरतं, आणि तिथला खडक आहे त्याच तापमानाला थोडाथोडा वितळायला लागतो. जपान, इंडोनेशिया, सगळी ती अग्निकंकणाची रांग या कुल्फीच्या हिशोबावर चालते.

म्हणजे नकाशात ज्वालामुखी काढायच्या आधी प्रश्न एकच, इथे खडक वितळायला कारण काय? उत्तर नसेल तर डोंगराला तोंड पाडायचं नाही.

हिमालयाला हाच प्रश्न विचारा

भारताची प्लेट वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतेय आणि आशियाला रेटतेय. ताण प्रचंड, म्हणून भूकंप प्रचंड. १९५० चा आसामचा ८.६, २००५ काश्मीर, २०१५ नेपाळचा ७.८. पण खाली घुसणारी समुद्राची ओली प्लेट आता राहिलीच नाही. मधला टेथिस समुद्र साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी मिटला, तेव्हापासून जमिनीला जमीन भिडलीय, आणि खंडाचं कवच हलकं असतं, सहज बुडत नाही, चेपतं, दुमडतं, एकावर एक चढतं. कुल्फीतलं मीठच संपलं म्हणा ना. शिवाय कवच इतकं जाड झालंय, तिबेटखाली ७० किलोमीटरच्या आसपास, की खाली कुठे थोडंफार वितळलं तरी वर पोचेपर्यंत आतच गोठतं.

आणि टेथिस होता तेव्हा तिथे ज्वालामुखी होते बरं का! लडाखला फिरायला जाता तेव्हा लेहच्या आसपास ते करडे-फिकट ग्रॅनाइटचे डोंगर दिसतात, ते त्या जुन्या ज्वालामुखींच्या पोटात गोठलेले शिलारस आहेत, वरचा भाग झिजून गेला. हे प्रोजेक्टमध्ये टाकलं तर मार्क्स वाढतात, पण कोणी टाकत नाही, सगळे बेकिंग सोडा आणि व्हिनेगर घेऊन बसतात.

"प्लेटची सीमा आहे म्हणजे दोन्ही असणारच"

हे थोडं हुशार मुलांचं. सीमा आहे एवढं पुरत नाही, सीमेवर काय चाललंय ते बघायला लागतं. कॅलिफोर्नियातला सॅन अँड्रियास भ्रंश (म्हणजे जिच्यावरून खडक सरकतो ती भेग) बघा, दोन प्लेट्स बाजूने एकमेकींना घासत जातात, खाली कोणी जात नाही, मग वितळणार काय? १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं ते याच भ्रंशामुळे. पण त्याच राज्यात उत्तरेला जा, तिथे समुद्राची एक छोटी प्लेट अजून खाली घुसतेय आणि लगेच शास्ता, लासेन हे ज्वालामुखी हजर. लासेनचे उद्रेक १९१४ ते १९१७ मधले आहेत.

आता गंमत. समुद्राची प्लेट खाली घुसतेय तरी ज्वालामुखी नाही असं पण होतं. पेरूच्या उत्तर आणि मधल्या भागात ती प्लेट तिरकी खाली न जाता वरच्या प्लेटच्या पोटाला चिकटून जवळजवळ आडवीच पुढे सरकते, मधे गरम प्रावरणाला जागाच उरत नाही, म्हणजे मीठ आहे पण बर्फच नाही. अँडीजमध्ये तिथे शेकडो किलोमीटर एकही जिवंत ज्वालामुखी नाही, भूकंप मात्र १९७० सारखे, ७.९ चे.

आपल्या घरची गोष्ट, इथे सगळ्यात जास्त घोळ

कुठे काही हललं की व्हॉट्सअॅपवर येतं, मुंबई ज्वालामुखीवर वसलीय, गिल्बर्ट हिल जागा होणार. अहो, आमच्या घरापासून चालत जाण्यासारखा आहे तो गिल्बर्ट हिल, वर गावदेवीचं देऊळ आहे. साधारण ६१ मीटर उंच काळ्या दगडाचे उभे खांब, पेन्सिली रबर बँडने बांधून ठेवाव्यात तसे, आणि चारी बाजूंनी इमारती. तो दगड लाव्हाचाच हे शंभर टक्के खरं. पण किती जुना? दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर संपले त्या सुमाराचा. तो सगळा एका दिवसात पण ओतला गेला नाही, वरळीच्या टेकडीत दोन लाव्हांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडलेत, म्हणजे मधे इतका वेळ गेला की डबकी साचली, बेडूक नांदले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. ज्या गरम जागेवरून हे झालं ती खाली तिथेच राहिली आणि आपली प्लेट उत्तरेला निघून आली. ती जागा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून चालू आहे. थोडक्यात शेगडी तिकडे राहिली, आपण थंड झालेला तवा घेऊन इकडे आलो.

मग महाराष्ट्रात भूकंप का? विरार लोकल आठवा. पुढे दारात लोक अडलेत, मागून रेटा चालूच आहे, आणि चेंगरतो कोण, मधला. प्लेटचं तसंच, पुढे हिमालयात अडलीय, मागून ढकलणं थांबलेलं नाही, तो ताण मधल्या जुन्या भेगांवर पण येतो. किल्लारी हिमालयापासून हजार किलोमीटरहून लांब, तरी ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ६.२ चा धक्का बसला, लोक गणपती विसर्जन करून झोपले होते. भूकंप उथळ, आणि घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची, वर माळवद. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्यात लाव्हाचा थेंब नव्हता.

कोयनेचं आणखी वेगळं. ११ डिसेंबर १९६७, पहाट, ६.३, मृत्यू पावणेदोनशेच्या आसपास. धरणाचा जलाशय १९६२ पासून भरायला लागला होता, ते पाणी भेगांमधून खाली मुरलं, आतला दाब वाढला आणि आधीच ताणाखाली असलेला भ्रंश सरकला. इथे मुलं हमखास घोटाळा करतात, पाण्याने ज्वालामुखी होतो असं मीच शिकवलेलं असतं ना! तर नीट बघा, १०० किलोमीटर खोल, तापलेल्या खडकात पाणी गेलं तर खडक वितळतो. चार-आठ किलोमीटरवरच्या थंड खडकात गेलं तर वितळत बितळत नाही, भेग सरकायला मदत होते, एवढंच. पाणी तेच, काम वेगळं. आणि हे नुसतं तर्काचं नाही, कोयनेला शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय, वरचा सव्वा किलोमीटर बेसाल्ट (तोच दख्खनचा गोठलेला लाव्हा), त्याच्याखाली थंड जुना ग्रॅनाइट.

पालघरकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्के सुरू झाले, डहाणू-तलासरीत लोक थंडीत घराबाहेर झोपायचे, तेव्हा माझ्या वसईच्या नणंदेचा फोन, वहिनी तिकडे जमिनीतून आवाज येतात म्हणे, ज्वालामुखी आहे का गं? आवाज खरे होते. उथळ छोटा भूकंप जवळ झाला की गडगड ऐकू येते, तेवढंच. मोठ्यात मोठे धक्के ४ च्या जरासे वर होते.

तिचाच पुढचा प्रश्न वज्रेश्वरीचा. गरम पाणी येतं म्हणजे खाली आग असणारच! नाही बाई. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५-३० अंशांनी तापमान वाढतं, पावसाचं पाणी भेगेतून खोल उतरतं, तापतं, दुसऱ्या भेगेतून वर येतं. भेग पाहिजे, शिलारस नाही. लोणारचं विवर पण ज्वालामुखीचं नाही, उल्का पडून झालंय, दगड बेसाल्ट असल्यामुळे फसायला होतं.

एक उलटी चूक

ज्वालामुखी नाही म्हणजे आपण सेफ, असं म्हणणारे सोसायटीच्या मीटिंगमध्ये भेटतात. ज्वालामुखी आधी बरेचदा कुरकुरतो, धूर सोडतो, फुगतो. किल्लारीला आदल्या वर्षी छोटे धक्के बसले होते, पण पुढे इतका मोठा येणार हे त्यावरून कोणालाच सांगता आलं नसतं. भारतीय मानकाच्या २०१६ च्या नकाशात मुंबई झोन ३ मध्ये होती, म्हणजे मध्यम धोका, आणि आपलं अर्धं शहर भरावावर, जिथे मऊ माती हादरे वाढवते. बिल्डिंगच्या पिलरमधल्या गंजलेल्या सळ्या बघा आधी, गिल्बर्ट हिल नंतर.

ओंकारने रविवारी बसून मातीचे सगळे डोंगर उपटले, टाचण्या तशाच ठेवल्या. मग विचारलं, काकू, एक तरी ठेवू? म्हटलं आहे ना, अंदमानातलं बॅरन बेट, भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी, तिथे प्लेट खाली घुसते. तर नकाशात अंदमानच नव्हतं, कापताना थर्माकोल पुरला नाही म्हणून सोडून दिलेलं. खाली एक तुकडा जोडला, त्यावर डोंगर लावला, आणि हिमालयावरचा चिमूटभर कापूस काढून त्याच्या तोंडाला चिकटवला. उरलेला तिथेच ठेवला. त्याला आता बर्फ म्हणायचं ठरलंय.