जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी लिनक्स टाकून बघा, पण या क्रमाने

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून ओळखीतले लोक विचारून राहिले की लॅपटॉप चालतो तर आहे पण ११ घेत नाही, आता काय करू. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेल असेल तर ढोबळमानाने आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे २०१२ ते २०१७ मधे घेतलेले चांगले धडधाकट आय३, आय५ वाले लॅपटॉप बाहेर पडले. त्यांना भंगारात देऊ नका राजेहो. पण लगेच लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकायलाही बसू नका. आधी मशीन आजारी आहे का विंडोज, ते शोधा.

नागपुरात पहिला संशय धूळ आणि गर्मीवर घ्यायचा. मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, त्यात लॅपटॉप गादीवर ठेवलेला, मग तो अर्ध्या तासात खटकन बंद पडतो आणि लोक म्हणतात व्हायरस आला. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, खालचं झाकण उघडा, बॅटरीची पिन सोडवा. फॅन आणि तांब्याच्या जाळीच्या मधे बघा, तिथे धुळीचा राखाडी थर गोधडीसारखा बसलेला असतो, बाहेरून कितीही फुंकर मारा तो निघत नाही, चिमट्याने अख्खा उचलून काढावा लागतो. ब्लोअर मारायचा असेल तर फॅनचं पातं काडीने धरून ठेवा, भन्नाट फिरू देऊ नका. सात-आठ वर्षं जुना असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही (उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून खडू झालेली असते, ती पुसून नवी लावा. आणि कुलरच्या थेट समोर लॅपटॉप ठेवून काम करायची आपल्याकडची सवय सोडा, ती दमट हवा आत जाते.

झाकण उघडलंच आहे तर बॅटरी बघा. फुगलेली दिसली, टचपॅड वर उचलल्यासारखं वाटलं, तर दाबू नका, टोचू नका, काढून ई-कचरावाल्याला द्या. बरेचसे जुने लॅपटॉप बॅटरीशिवाय चार्जरवर चालतात. तारीख दरवेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा छोटा सेल गेला, बहुतेक सीआर२०३२ असतो, तो बदला, कारण तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साईटला सर्टिफिकेटची एरर देतो आणि माणूस नेटवाल्याला शिव्या घालत बसतो.

आता लाईव्ह पेनड्राईव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवून बघायचा पेनड्राईव्ह. ८ जीबीचा पुरतो. लिनक्स मिंट या लिनक्सची हलकी एक्सएफसीई एडिशन उतरवा, रूफस नावाच्या ॲपने पेनड्राईव्हवर लिहा (त्यातलं सगळं पुसलं जातं, फोटो आधी काढून घ्या). लॅपटॉप चालू करताना, पेनड्राईव्ह निवडायचा मेनू यायला, डेल, लेनोव्होला एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, एसरला एफ१२ पण ते आधी बायोसमधे (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमधे) चालू करावं लागतं. स्क्रीन काळीच राहिली तर मिंट सुरू होतानाच्या मेनूतला कम्पॅटिबिलिटी मोड घ्या. डेस्कटॉप आला की काहीही इन्स्टॉल न करता वायफाय, आवाज, कॅमेरा, कीबोर्डची सगळी बटणं, झाकण लावून स्लीप, सगळं तपासा. वायफाय दिसत नसेल आणि चिप ब्रॉडकॉमची असेल तर घाबरू नका, मोबाईलची केबल लावून यूएसबी टेदरिंग (मोबाईलचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू करा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ड्रायव्हर तो सुचवतो.

याच वेळी डिस्क्स नावाचं ॲप उघडून स्मार्ट डेटा, म्हणजे हार्ड डिस्कच्या तब्येतीचा अहवाल, पाहून घ्या, हे कोणी करत नाही आणि इथेच खरं कळतं. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टरपुढे शून्य पाहिजे. पेंडिंग वाढत असेल तर त्या हार्ड डिस्कवर काहीच टाकू नका, आधी डेटा काढा.

माझं मत विचाराल तर, पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर २.५ इंची साटा एसएसडीवर (फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान चिपवाली डिस्क) घाला, २५६ जीबी भरपूर झाली. फिरती हार्ड डिस्क ठेवून नुसता लिनक्स टाकला तर फरक पडतो पण पोटभर नाही, एसएसडी लावली की तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आसपास उभा राहतो. रॅम ४ ची ८ करता आली तर उत्तम, पण बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या, कारण डीडीआर३ आणि डीडीआर३एल या दोन प्रकारची रॅम सारखीच दिसते आणि इंटेलच्या चौथ्या जनरेशनपासून १.३५ व्होल्टची, म्हणजे एलवालीच लागते.

इन्स्टॉल करणं सगळ्यात सोपं आहे, डेस्कटॉपवरचं आयकॉन दाबा आणि विचारेल तशी उत्तरं द्या. फक्त इरेज डिस्कवर दोनदा थांबा, बॅकअप घेतलाय ना? झाल्यावर अपडेट मारा, टाईमशिफ्ट (बिघडलं तर सिस्टीम आधीसारखी करून देणारं ॲप) चालू करा, कीबोर्ड लेआउटमधे मराठी जोडा, इन्स्क्रिप्ट लगेच चालतो.

घरात कोणी टॅलीवर काम करत असेल तर तो लॅपटॉप असा पूर्ण पुसू नका, ते लिनक्सवर सरळ चालत नाही. बँक, यूट्यूब, पोरांचा अभ्यास, लिब्रे ऑफिसमधे अर्ज लिहिणं, याला काहीच अडचण नाही. आणि प्रोसेसर ३२ बिटचाच असेल तर मिंटची ही एडिशन चालणार नाही, त्याला अँटीएक्स या हलक्या लिनक्सची ३२ बिटची आवृत्ती टाकून बघा, टायपिंग आणि गाणी ऐकण्यापुरता तो कामी येतो, आजच्या जड वेबसाईटची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.