‘गेर्निका’ पाहायला जाताना या चुका टाळा

माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयात बहुतेक पर्यटक पिकासोच्या ‘गेर्निका’साठी जातात आणि त्यात वावगे काहीच नाही. मात्र ते चित्र उरकून टाकण्याची जी घाई तिथे पुन्हा पुन्हा दिसते, ती मला पाहवत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक विनामूल्य प्रवेशाची आहे. सोमवारी आणि बुधवार ते शनिवार संध्याकाळी 7 ते 9 या वेळेत तिकीट लागत नाही, म्हणून नेमकी तीच वेळ निवडली जाते. आमच्या नात्यातील एक दांपत्य दिवसभर प्रादो संग्रहालय पाहून, पाय बोलू लागलेले असताना, त्या रांगेत उभे राहिले. आत पोहोचेपर्यंत बराच वेळ गेला आणि चित्रासमोर उंचावलेल्या फोनची भिंतच होती, कारण तिथली छायाचित्रबंदी 2023 मध्ये उठली आहे. त्यांनीही हात वर करून एक फोटो काढला आणि ते बाहेर पडले. पुण्यात परतल्यावर तो फोटो दाखवताना वहिनींनी विचारले, “भाऊजी, एवढ्या मोठ्या चित्रात रंग कसे नाहीत हो?” प्रश्न अगदी योग्य होता, पण तो चित्रासमोर पडायला हवा होता आणि तिथे थोडी उसंतही मिळायला हवी होती. 26 एप्रिल 1937 रोजी, स्पेनमधील यादवी युद्धाच्या काळात, तिथल्या गेर्निका गावावर झालेल्या बॉम्बहल्ल्याची हकिगत पॅरिसमध्ये राहणाऱ्या पिकासोपर्यंत वर्तमानपत्रांतून पोहोचली होती आणि चित्राचा काळा-पांढरा-करडा रंग त्या छपाईचीच आठवण करून देतो. चित्रातील घोड्याच्या अंगावर ओळीने मारलेले बारीक काळे फटकारे छापील मजकुरासारखे दिसतात, हे जवळ गेल्यावरच लक्षात येते.

तिकीट काढावे आणि सकाळी 10 वाजता दार उघडताच आत जावे, हे माझे ठाम मत आहे. मी दुसऱ्या मजल्यावर गेलो तरी थेट चित्राकडे वळत नाही. आधी आसपासची दालने पाहतो, कारण हे चित्र 1937 च्या पॅरिस प्रदर्शनातील स्पेनच्या दालनासाठी काढले गेले होते आणि त्या युद्धकाळाचे संदर्भ तिथे मांडलेले असतात. छायाचित्रकार डोरा मार हिने चित्र घडत असताना टिपलेली छायाचित्रे तर कोणीही चुकवू नयेत. खाली पडलेल्या सैनिकाची उंचावलेली मूठ आधी होती आणि नंतर ती पुसली गेली, घोड्याचे खाली झुकलेले डोके वर आले, हे त्यांत स्पष्ट दिसते. त्यानंतर 7.76 मीटर रुंदीचे ते चित्र आधी लांबून आणि मग जवळून पाहावे. ‘फक्त मुख्य चित्र दाखवा’ म्हणणाऱ्या उतावळ्या पाहुण्यांसोबत मी आता जात नाही.

मंगळवारी संग्रहालय बंद असते. सहलीचा बेत आखताना हे विसरणारे दरवेळी भेटतात. प्रादो आणि रेइना सोफिया एकाच दिवशी करू नका. पाठीवरची सॅक आधीच सामानघरात ठेवा. मूळ इमारत हे अठराव्या शतकातील रुग्णालय आहे आणि 2005 मध्ये वास्तुविशारद ज्याँ नूव्हेल यांची नवी इमारत तिला जोडली गेली, त्यामुळे नकाशा घेतल्याशिवाय फिरू नका. दालनांची मांडणी अधूनमधून बदलते. एखादी विशिष्ट कलाकृती पाहायची असेल, तर ती सध्या कोणत्या दालनात आहे याची खात्री निघण्यापूर्वीच करून घ्या.